सरळ घरातल्या मुली

ताई गेली तेव्हा घरच्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. पोट म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. पोटात काय काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यातलं नेमकं काय नासलं हे विचारायला जीभ रेटत नाही. ताई चव्वेचाळीस वर्षांची होती. मागे नवरा आणि तेरा वर्षांची एक मुलगी राहिली. भेटायला आलेल्या बायकांना ताईच्या धाकट्या बहिणीनेही तेच सांगितलं. पोटाचं दुखणं.

या धाकट्या बहिणीला कारखान्यात सगळे कात्री म्हणत. कारखाना गणवेशांचा. शाळांचे, दवाखान्यांचे, रखवालदारांचे कपडे तिथे शिवले जात आणि कापड बेतायचं, कापायचं काम वीस वर्षं हिच्याकडे होतं. लांबच लांब टेबलावर कापडाचे साठ थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं. हात चुकला तर साठ सदरे वाया. तिचा हात चुकत नसे. पण नाव काही त्या हातामुळे पडलं नव्हतं, जिभेमुळे पडलं होतं. बोलायला लागली की समोरच्याचे उभे-आडवे तुकडे करून ठेवायची. तीच कात्री ताईच्या बाबतीत आठ महिने मूग गिळून बसली होती आणि त्याचा राग तिला रोज थोडा थोडा चढत होता. कोणाचा राग, ते मात्र तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं.

एके दिवशी तिची मुलगी शाळेतून एक कागद घेऊन आली. मुलगी आठवीत होती आणि तोंडाला खळ नसल्याने घरात तिला टकळी म्हणत.

"आई, सही. परवापर्यंत. इंजेक्शन आहे, फुकट आहे, फक्त मुलींना आहे, मुलं हसतायत, दंडावर देतात, दोनदा घ्यायचंय, दुसरं सहा महिन्यांनी."

कात्रीने कागद उभ्याउभ्याच वाचला. 'गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग' हे शब्द आले तशी ती थांबली. हे शब्द तिने याआधी एकदाच कागदावर पाहिले होते, ताईच्या फाइलवर. फाइल ताईच्या नवऱ्याच्या हातात असायची आणि त्याचा अंगठा नेमका त्याच ओळीवर असायचा. म्हणजे यावर लस होती. होती, आणि शाळेत येऊन फुकट देणार होते.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, पण इतक्या लवकर? तेरा वर्षांची पोर ती. मोठी होऊ दे, मग बघू."

"लिफ्टचा दोर तुम्ही केव्हा बदलता?"

"म्हणजे?"

"तुटल्यावर बदलता? माणसं खाली पडली की मग बघता?"

"तसं नाही गं, पण हे जरा..."

"जरा काय?"

जरा काय ते त्याला बोलता येईना. त्याने सही केली. कुठे वाद घालायचा आणि कुठे मान डोलवायची, एवढं तो इतक्या वर्षांत शिकला होता. कागद दप्तरात कोंबताना टकळी म्हणाली, "पण ती नाही घेणार. तिच्या बाबांनी नको म्हणून सांगितलंय."

ती म्हणजे ताईची मुलगी. दोघी मावसबहिणी एकाच वर्गात, एकाच बाकावर.

"नको म्हणाले? भावजी?"

"हो. कागद ड्रॉवरमध्ये टाकला म्हणे. वर्गात बऱ्याच जणींचे बाबा नको म्हणालेत."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर मुलगी होती, म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दोन दिवसांनी शाळेच्या नर्सबाई कारखान्यात आल्या. त्यांच्या नव्या गणवेशाची मापं द्यायची होती. दंडाचं माप घेता घेता कात्रीने विचारलं, "लशीचे किती कागद आले हो?"

"एक्केचाळीस मुली आहेत आणि नऊ कागद," नर्सबाई म्हणाल्या. "डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. घरोघरी फोन केले. सगळीकडे एकच उत्तर. चौकातल्या औषधवाल्यांनी स्वतःच्या मुलीला दिली नाही, मग आम्ही कशाला देऊ? त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं."

कात्रीच्या हातातली टेप तशीच राहिली. चौकातले औषधवाले म्हणजेच भावजी. ताईचा नवरा. त्यांच्या दुकानात लोक डॉक्टरच्या आधी जायचे. ताप आला, खोकला झाला, पोर पडलं, की औषधवाल्यांना विचारा. ते शांतपणे ऐकून घेत, मोजकं बोलत आणि त्यांचा शब्द कोणी ओलांडत नसे. नर्सबाईंना नातं माहीत नव्हतं. त्या आपल्या रागाने बोलत राहिल्या आणि कात्री मान खाली घालून दंडाचं माप चुकीचं लिहीत राहिली.

त्या संध्याकाळी ती दुकानात गेली. काउंटरवर तीन-चार गिऱ्हाइकं होती. भावजींनी तिला बघून मान हलवली. तेवढ्यात पुढे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "शाळेत ती लस देणार आहेत मुलींना. द्यावी का हो?"

भावजींनी गोळ्यांची पट्टी कापली, पाकिटात घातली. "घाई कसली आहे?" ते म्हणाले. "नवीन गोष्ट आहे. थोडं थांबून बघावं."

बाईचा चेहरा मोकळा झाला. तिला हेच ऐकायचं होतं. ती पाकीट घेऊन निघून गेली आणि तिची मुलगी कोण, कुठे, कितवीत, काही न कळता कात्रीला तिच्या मागे धावत जावंसं वाटलं. ती धावली नाही.

"काय हवंय?" भावजींनी विचारलं.

"भाचीच्या कागदाचं काय?"

"पुढच्या वर्षी बघू."

"भावजी, तुम्ही? निदान तुम्ही तरी..."

"गिऱ्हाइकं आहेत," ते म्हणाले आणि तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघायला लागले.

ती परत फिरली. रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत चालली. जगाला सुनावणारी बाई, आणि घरच्या माणसापुढे वाचा बसली. का, तर चारचौघांत तो शब्द उच्चारावा लागला असता.

पुढच्या आठवड्यात शाळेने पालकांना बोलावलं. मोठ्या वर्गात बाकांवर आई-बाप कसेबसे मावले होते, गुडघे पोटाशी घेऊन. एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. तिने फळ्यावर चित्र काढून सांगितलं की हा रोग एका विषाणूमुळे होतो, विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो, बहुतेकांच्या अंगातून तो आपसूक निघूनही जातो, पण काही बायकांच्या राहतो आणि वर्षानुवर्षं आत पोखरतो. संपर्क येण्याच्या आधी लस दिली तर सगळ्यात चांगली लागू पडते, म्हणून या वयात.

'संपर्क' या शब्दावर मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. मग एक गृहस्थ उभे राहिले. इमारतींची कामं घ्यायचे, ठेकेदार होते. आवाज मोठा.

"डॉक्टर, तुमचं बरोबर असेल. पण आमची घरं सरळ आहेत. आमच्या मुली सरळ आहेत. असली लस ज्यांना लागते त्यांना खुशाल द्या. आमच्या मुलींच्या डोक्यात भलतंसलतं कशाला घालता?"

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी माना खाली घातल्या. डॉक्टरीणबाई पुन्हा समजवायला लागली, पण पालथ्या घड्यावर पाणी. लोकांच्या नजरा खिडकीजवळ बसलेल्या औषधवाल्यांकडे वळल्या होत्या. भावजी बसूनच म्हणाले, "ज्याने त्याने आपापला विचार करावा. मी तरी थांबणार आहे."

झालं. सभा जणू सुटली. कोणी पिशवी उचलली, कोणी घड्याळ पाहिलं.

कात्री उभी राहिली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"माझी बहीण याच रोगाने गेली," ती म्हणाली. "पोटाच्या दुखण्याने नाही. आम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलं. मीसुद्धा. तिला गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर झाला होता. शेवटी शेवटी ती अंथरुणावर पालथी पडून उशी चावायची, कारण मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायची." ती ठेकेदारांकडे वळली. "आणि तुम्ही म्हणता सरळ. माझ्या बहिणीइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही. लग्न केलं, संसार केला, वर मान करून कोणाकडे बघितलं नाही. सरळ असल्याने हा रोग टळत असता ना, तर ती आत्ता इथे असती. तिथे, त्या खिडकीजवळ. नवऱ्याच्या शेजारी."

चाळीस माना खिडकीकडे वळल्या. भावजींचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते उठले, वाट काढत, कोणाचे पाय तुडवत, दारातून बाहेर पडले. डॉक्टरीणबाईच्या हातातला खडू तसाच होता. खाली बसताना कात्रीला बरं वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

टकळी शाळेतून आली आणि एक शब्द बोलली नाही. दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय झालं?"

"वर्गात सगळ्यांना कळलंय. ज्याचे त्याचे आईबाबा घरी जाऊन बोलले." मग ती वळली. डोळे लाल. "तिला माहीत नव्हतं, आई. तिला तिच्या बाबांनी पोटच सांगितलं होतं. तिला एका मुलीने मधल्या सुट्टीत सांगितलं, तुझी आई कशाने गेली ते. ती दोन तास संडासात कडी लावून बसली होती. मी बाहेर उभी होते. तू आधी तिला का नाही सांगितलंस?"

भरल्या खोलीत चाळीस परक्यांना तिने जे सांगितलं, ते ज्या एकीला सांगायला हवं होतं तिचा विचारही तिच्या मनात आला नव्हता. आपण खरं बोललो एवढ्याच मस्तीत ती होती.

भाची तिसऱ्या दिवशी स्वतःच आली. कारखान्यात, शाळेच्या कपड्यांत. शिवणयंत्रं धडधडत होती. ती बायकांच्या रांगांमधून सरळ बेतायच्या टेबलापाशी आली. अंगाने बारीक, चेहरा थेट ताईचा.

"मावशी, आईला काय झालं होतं ते मला पहिल्यापासून सांग."

कात्रीने कापायचं यंत्र बंद केलं. दोघी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसल्या आणि तिने सांगितलं. अवेळी रक्त जायचं तिथपासून, शेवटच्या दिवसापर्यंत. काही गाळलं नाही. मुलगी रडली नाही. मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिली, मोजके, बापासारखे.

"तिला पहिल्यांदा कधी कळलं?"

कात्रीने तेही सांगितलं. "दवाखान्यात जायच्या एक वर्ष आधी. ती मला म्हणाली होती, असं असं होतंय. मी म्हटलं, चाळिशीत होतं असं सगळ्यांना. एवढं काय घेऊन बसलीस. हे मी कोणालाच सांगितलं नाही."

मुलीने दप्तराचा पट्टा खांद्यावर सरकवला. "आणि बाबांना लस का नको?"

"ते मला माहीत नाही. विचारू या चल."

भावजी दुकानात एकटेच होते. दोघींना एकत्र आलेलं पाहून त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"आता कशाला आलीस?" ते कात्रीला म्हणाले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तो फाटला. "मेलेल्या बाईची अब्रू वेशीवर टांगलीस. अजून काही राहिलंय?"

"अब्रू तिची, की तुमची?"

"तू आत जा," ते मुलीला म्हणाले.

"नाही," ती म्हणाली.

"तिचा कागद ड्रॉवरमध्ये का पडलाय, तेवढं सांगा," कात्री म्हणाली. "तुम्ही औषधं विकता. ती लस काय आहे ते या गावात तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता, थांबा! किती मुली थांबल्यात माहीत आहे तुमच्या एका शब्दावर? बत्तीस!"

भावजी काउंटरला धरून उभे होते. "कळतं म्हणूनच," ते म्हणाले. "फाइल मिळाली त्या दिवशी सगळं वाचून काढलं मी. विषाणू कसा येतो ते. ती तर... तिचं आयुष्य म्हणजे हे घर. मग आला कुठून? सांग ना. दुसरं कोण होतं घरात?" त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. "मी सही केली की प्रत्येक जण हेच ताडणार. यानेच दिला बायकोला. यानेच मारलं. आणि खोटं काय आहे त्यात?"

पंखा फिरत होता. कात्रीला वाटलं होतं तिला दया येईल. आली नाही. तिला अजून चीड आली.

"दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "हा कोणालाही होतो, कधी आला कोणी सांगू शकत नाही, कोणाचा दोष नसतो. तुमचा चेहरा मी रोज बघत होते. तुम्हाला आतून काय खातंय ते मला दिसत होतं. तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, जळू दे. ती गेली, यालाही जरा भोगू दे. पण तुम्ही काय केलंत? स्वतःची लाज झाकायला पोरीला उघडं टाकलंत? हिला? आणि वर गावातल्या सगळ्या पोरींना?"

"तू मला शिकवू नकोस! तू कोण..."

"पुरे!" मुलगी ओरडली. तिचा एवढा आवाज दोघांनीही कधी ऐकला नव्हता. "मावशीला वर्षभर आधी माहीत होतं. बाबांना सगळंच माहीत होतं. एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही. तुम्ही दोघं नंतर भांडा, हवं तितकं. आधी मला सही द्या."

तिने दप्तरातून कागद काढला. ड्रॉवरमधून तो तिने केव्हाच काढून घेतला होता. काउंटरवर ठेवून हाताने सपाट केला. भावजींनी पेन शोधलं, खिशातच होतं ते त्यांना सापडेना, मुलीनेच काढून दिलं. त्यांनी सही केली. मग तसेच स्टुलावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मुलगी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, पण हात लावला नाही. कात्री शटरखालून वाकून बाहेर पडली.

लशीच्या दिवशी एक्केचाळीसपैकी एकतीस मुली रांगेत होत्या. भावजींनी म्हणे चार दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक आई-बापाला थांबवून सांगितलं होतं, माझं चुकलं, द्या. कात्रीने ते ऐकलं आणि 'बरं' एवढंच म्हणाली. भाची आणि टकळी बाकावर शेजारी बसून दंडावरचा कापूस दाबत होत्या. मावशी आल्यावर भाचीने मान दुसरीकडे वळवली. महिनाभर ती तशीच वळवणार होती, आणि कात्रीला तिला दोष देता येईना.

उरलेल्या दहाजणी वर्गात बसून होत्या. त्यांतली ठेकेदारांची मुलगी दाराच्या फटीतून रांगेकडे बघत होती. कात्रीला त्या दाराला लाथ घालावीशी वाटली. या पोरीची काय चूक? तिला कोणी विचारलं तरी होतं का?

"त्यांच्या घरी मी परत जाणार आहे," नर्सबाई मागून म्हणाल्या. "दहाही घरी. दारं लावून घेतील, घेऊ देत." मग त्यांनी कात्रीकडे निरखून पाहिलं. "तुम्ही स्वतःची तपासणी केली आहे का हो? लस आता तुम्हाला फारशी कामाची नाही, पण तपासणी पाच मिनिटांची असते. सख्खी बहीण गेली म्हणता."

ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. सगळ्या गावाला झोडपत सुटलेली बाई स्वतः कधी तपासणीच्या टेबलावर चढली नव्हती.

ती तिथून तडक कारखान्यात गेली. मुकादम दारातच हजेरी घेत होता.

"उद्या मला अर्धा दिवस सुट्टी हवी."

"कशाला? ऑर्डर उद्या जायची आहे. काय एवढं काम आहे?"

"सांगू कशाला ते? मोठ्याने सांगू?"

यंत्रं एकेक करून थांबली. शाळेत काय झालं ते इथे प्रत्येकीला माहीत होतं. मुकादमानेही ते ऐकलं असावं, कारण तो वहीत बघत पुटपुटला, "नको, नको. जा तू."

"मलाही हवी," काज-बटणं करणारी म्हातारी काजवाली उठून म्हणाली. तिच्या मागून दुसरी उठली, मग कोपऱ्यातल्या दोघी.

"अरे, पण सगळ्याच?" मुकादम ओरडला.

"लिहा," कात्री म्हणाली. "पाच नावं आहेत. आणि दुपारनंतर येऊ आम्ही. ऑर्डर काही पळून जात नाही."